बोस्टन ते अहमदनगर : अमेरिकेच्या सागरपार विस्ताराची कारणमीमांसा

इ. स. १८९८ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या ताब्यातील क्यूबात, हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. एप्रिलात अमेरिकेने स्पेनशी युद्ध पुकारले. १ मे रोजी कमोडोर ड्यूई याने मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार नष्ट केले. जुलैत हवाई बेटे खालसा झाली. आणि १० डिसेंबरच्या पॅरिस येथील तहनाम्याने पोर्तो रिको, ग्वाम आणि, दोन कोटी डॉलर मोजून घेतल्यावर, फिलिपाईन्स असा मुलूख वॉशिंग्टनच्या अमलाखाली आला. वसाहतीच्या बंडातून जन्मलेले राष्ट्र वर्षाच्या आत स्वतः वसाहतींचे धनी झाले. हे कसे घडले, कोणत्या कारणांनी घडले, आणि ते अकस्मात घडले की दीर्घकाळ शिजत होते, या प्रश्नांवर अमेरिकेतील इतिहासकारांनी तेव्हापासून आजवर एवढे लिहिले आहे की त्याचा एक स्वतंत्र ग्रंथसंग्रह व्हावा.

या वादाचा आढावा अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, बसून घ्यावा असे म्हटले तर ते प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल, कारण नगरवर अमेरिकेचे निशाण कधी फडकले नाही. परंतु बोस्टन येथे मुख्य कचेरी असलेल्या ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरेन मिशन्स’ या संस्थेने १८१३ मध्ये मुंबईस, १८२० मध्ये हवाईस आणि १८३१ मध्ये नगरास आपली माणसे पाठविली. संस्था एक, तिची शिकवण एक, बहुतेक माणसे न्यू इंग्लंडच्या त्याच पाठशाळांतून निघालेली. आणि तरीही एका ठिकाणी सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्या माणसांच्या वंशजांनी राज्य उलथून ते अमेरिकेच्या पदरात टाकले, तर दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या वंशजांनी शाळा, दवाखाने, छापखाने आणि उपासनामंदिरे मागे ठेवली. कारणांची पारख करावयाची तर याहून उपयुक्त जोडी क्वचितच हाती लागेल.

पूर्वपीठिका

मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये पावसापासून बचावासाठी गवताच्या गंजीचा आडोसा घेऊन केलेल्या प्रार्थनेपासून या बोर्डाची कथा सांगण्याची प्रथा आहे. बोर्डाची रीतसर स्थापना १८१० मध्ये झाली आणि १८१२ मध्ये त्याचे पहिले मिशनरी कलकत्त्यास पोहोचले. पण त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपल्यामुळे, आणि ईस्ट इंडिया कंपनीस आपल्या मुलखात धर्मप्रसारक नकोच होते यामुळेही, त्यांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम मिळाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा त्यांच्या मागोमाग हा हुकूमही येऊन पोहोचला. ते गलबताने कोचीनपर्यंत निसटले, तेथून परत आणले गेले, आणि मग गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जावर अर्ज करीत राहिले. धर्माज्ञा आणि सरकारी आज्ञा यांत विरोध आला तर पहिलीच शिरोधार्य, असा त्या अर्जांचा आशय होता. पुढे १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांस द्वार उघडले आणि हा पेच सुटला.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या सरकारच्या बळावर नव्हे, तर त्या सरकारशी लढत असलेल्या सत्तेच्या परवान्यावर ही माणसे येथे राहिली. अमेरिकी सागरपार विस्ताराचा हा पहिला टप्पा दुसऱ्याच्या छत्राखाली वाढला, आणि त्या छत्राचे ऋणही त्यांनी कधी नाकारले नाही.

नगर शहराचा किल्ला वेलस्लीने १८०३ मध्ये घेतला होता आणि पेशवाईच्या अखेरीस जिल्हा कंपनीच्या कारभारात आला होता. छावणीचे ठिकाण, मोठी लोकवस्ती, कोरडी हवा आणि चौफेर पसरलेली खेडी पाहून मिशनने १८३१ च्या डिसेंबरात येथे ठाणे घातले. अ‍ॅलन ग्रेव्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी हे तीन अमेरिकन आणि बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ, अशी ती मंडळी होती. पुढल्याच वर्षी हर्वी पटकीने वारले आणि १८३३ मध्ये बाबाजीही गेले. शहरातील अंधपंगूंच्या आश्रमाचा कारभार मिशनकडे होता आणि तेथल्या निराधारांतूनच नगरच्या ख्रिस्ती मंडळीचे आरंभीचे सभासद आले. १८३९ मध्ये सिंथिया फरार मुंबईहून येथे आल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनकार्यास धाडलेली पहिली अविवाहित स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १८६२ मध्ये नगरातच मृत्यू येईपर्यंत त्या मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुले यांनी या शाळा पाहिल्या होत्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्यास त्या दर्शनाने चालना दिली, हे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. १८४२ मध्ये नगरात ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघू लागले.

तिकडे हवाईत त्याच बोर्डाच्या माणसांनी त्याच काळात लिपी घडविली, शाळा काढल्या, राजघराण्यास बाप्तिस्मा दिला. एवढी समांतरता ध्यानी ठेवून आता मतांकडे वळू.

बाजारपेठेचा सिद्धान्त

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांत अधिक चर्चिले गेलेले मत विल्यम अ‍ॅपलमन विल्यम्स यांचे. ‘द ट्रॅजेडी ऑफ अमेरिकन डिप्लोमसी’ या १९५९ च्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, १८९० च्या सुमारास अंतर्गत सरहद्द संपली, १८९३ च्या मंदीने कारखाने व शेते दोन्ही मालाने तुंबली, आणि धनिक, शेतकरी व राज्यकर्ते या सर्वांची अशी दृढ धारणा झाली की परदेशी बाजारपेठ मिळाल्याविना देशात शांतता राहणार नाही. मुलूख घेणे हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट नव्हते. चीनच्या बाजाराकडे जाण्यासाठी मार्गावरची काही ठाणी हवी होती आणि १८९९ ची ‘मुक्तद्वारा’ची पत्रे हेच त्या धोरणाचे खरे स्वरूप होते. वॉल्टर लाफेबर यांनी १८६० पासून १८९८ पर्यंतचा पुरावा जमवून १९६३ मध्ये या मताला भक्कम पाया घातला. १८९८ हा अपघात नसून पस्तीस-चाळीस वर्षांच्या वाटचालीचा शेवट होता, हे त्यांनी इतक्या साक्षेपाने दाखविले की त्यानंतर ‘अपघात’वाद्यांना पूर्वीच्या ठामपणाने बोलता आलेले नाही.

आक्षेपही तितकेच जुने आहेत. ज्यूलियस प्रॅट यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की व्यापारी वर्ग युद्धाच्या तोंडावर बहुतांशी युद्धविरोधी होता आणि मनिलाच्या विजयानंतरच त्याचे मत पालटले. अमेरिकेच्या निर्यातीचा मोठा भाग युरोपात जात होता. चीनचा वाटा अत्यल्प होता. यावर विल्यम्स यांच्या अनुयायांचे उत्तर असे की प्रत्यक्ष व्यापार किती होता याहून लोकांच्या मनात त्याची आशा किती होती हे पाहावे. हे उत्तर समर्थ आहे; पण त्यात एक दोष असा शिरतो की आशा हेच कारण मानले की मग आकड्यांनी सिद्धान्त खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही.

नगरचा पुरावा या मताला काय देतो? १८३१ मध्ये नगरात अमेरिकी मालाला गिऱ्हाईक नव्हते आणि बोर्डाच्या पत्रव्यवहारात त्याची अपेक्षाही नाही. शतकाच्या अखेरीस अमेरिकेचे रॉकेल डब्यांतून मुंबई इलाख्यात पसरले, परंतु ते मिशनमुळे नव्हे. उलट शतक उलटताना नगरात आलेले मिशनचे यंत्रतज्ज्ञ डी. सी. चर्चिल यांचे काम पाहावे. नगर आणि भिंगार ही साळी व पद्मसाळी विणकरांची पुरातन ठिकाणे. गिरणीच्या कापडाने त्यांचा धंदा बसत चालला होता. चर्चिल यांनी हातमागात अशी सुधारणा केली की धोटा वेगाने फिरावा, एका माणसाचे दिवसाचे काम वाढावे, आणि तरीही माग विणकराच्या घरातच राहावा. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनच्या उद्योगशाळेत दुष्काळात पोरकी झालेली मुले सुतारकाम व गालिचे विणणे शिकत. अमेरिकी कापडाला बाजार मिळवून द्यावयाचा असता तर नगरचा हातमाग जगविण्यात कोणी आयुष्य खर्चिले नसते. एका जिल्ह्याच्या उदाहरणाने मोठा सिद्धान्त कोसळत नाही हे खरे. पण मिशन ही व्यापाराची आघाडी होती, हे त्याचे जे सुलभ रूप आपल्याकडील भाषणांतून ऐकू येते, ते मात्र या पुराव्यापुढे टिकत नाही.

सत्ता, समुद्र आणि मनोवृत्ती

आरमारी व राजकीय कारणांची मांडणी थोडक्यात सांगता येते. आल्फ्रेड मॅहन यांचा समुद्रसत्तेवरचा ग्रंथ १८९० मध्ये निघाला. नौदलास कोळशाची ठाणी हवीत आणि दोन महासागरांना जोडणारा कालवा हवा, हे त्यांचे प्रतिपादन थिओडोर रूझवेल्ट व हेन्री कॅबट लॉज यांनी उचलून धरले. अर्नेस्ट मे यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या बाजूवर भर दिला : राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले हे अनिच्छेने, लोकमताच्या व काँग्रेसच्या रेट्याखाली युद्धात गेले आणि महासत्तापद राष्ट्राच्या गळ्यात पडले. सॅम्युएल फ्लॅग बेमिस यांनी तर या सर्व प्रकरणास राष्ट्राच्या इतिहासातील एक विच्युती मानले.

रिचर्ड हॉफस्टॅटर यांनी कारण मनोवृत्तीत शोधले. मंदी, संप, शेतकऱ्यांचे बंड आणि स्थलांतरितांची भीती यांनी १८९० च्या दशकात अमेरिकी मध्यमवर्ग अस्वस्थ झाला होता आणि ती अस्वस्थता क्यूबाविषयीच्या कळवळ्यात व युद्धज्वरात बाहेर पडली, असे त्यांचे म्हणणे. क्रिस्टिन होगनसन यांनी १९९८ मध्ये या विचाराला नवे वळण दिले. यादवी युद्धात लढलेल्या पिढीची मुले आपल्या पौरुषाविषयी साशंक झाली होती आणि युद्ध हे त्यांना त्यावरचे औषध वाटले, असे त्यांनी राजकीय भाषणांतून दाखविले. लुई पेरेझ यांचा आक्षेप निराळा आणि माझ्या मते अधिक मूलगामी आहे. क्यूबातील क्रांतिकारकांनी स्पेनला जवळजवळ नमविले होते, हे या सर्व मीमांसांतून वगळले जाते. अमेरिकेच्या मनात काय होते एवढेच विचारल्याने ज्यांच्या भूमीवर इतिहास घडला ते लोक अदृश्य होतात. नगरविषयी विचार करताना या आक्षेपाकडे पुन्हा यावे लागेल.

धर्मप्रेरणा आणि तिच्याविषयीचा वाद

जोसाया स्ट्राँग यांचे ‘अवर कंट्री’ हे पुस्तक १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. अँग्लो-सॅक्सन वंशाकडे जगाच्या ख्रिस्तीकरणाची व सुधारणेची जबाबदारी ईश्वराने सोपविली आहे, हा त्यातील विचार विस्तारवादाच्या प्रत्येक इतिहासात उद्धृत होतो. परंतु या विचाराची एक जुनी शाखा नगरातून जाते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नगरच्या ठाण्याचे एक संस्थापक हॉलिस रीड अमेरिकेस परतले. १८३६ मध्ये त्यांनी बाबाजी रघुनाथांचे चरित्र छापले आणि १८४९ मध्ये ‘द हँड ऑफ गॉड इन हिस्टरी’ हा ग्रंथ लिहिला, ज्यात ख्रिस्ती धर्माचा जगभरचा प्रसार आणि अँग्लो-सॅक्सन सत्तेचा उदय ही दोन्ही एकाच ईश्वरी योजनेची अंगे म्हणून दाखविली आहेत. स्ट्राँग यांच्या आधी छत्तीस वर्षे हे लिहिले गेले. ज्याने नगरात सहकाऱ्याचे प्रेत पुरले आणि आश्रमातील अंधपंगूंसमोर उपदेश केला, त्याच माणसाने घरी परतल्यावर साम्राज्यांच्या उदयास्तात ईश्वराचा हात पाहिला. सेवाभाव आणि वंशाभिमान यांची ही एकत्र वस्ती ज्यास समजत नाही, त्यास त्या काळचा अमेरिकी मिशनरी समजणार नाही.

दुसरा धागा वाइल्डर घराण्याचा. रॉयल वाइल्डर १८४६ मध्ये नगरास आले, सहा वर्षे येथील पाठशाळा सांभाळून कोल्हापुरास गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला; मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे १८८६ मध्ये शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याची प्रतिज्ञा घेतली, तिच्या मुळाशी हा रॉबर्ट होता आणि त्यातूनच स्टुडंट व्हॉलंटियर चळवळ उभी राहिली. रॉयल वाइल्डर यांनी प्रिन्स्टनहून चालविलेल्या मासिकात गोपाळराव जोशी यांचा पत्नी आनंदीबाई यांच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार छापला गेला, आणि तो वाचूनच न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना लिहिले, हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. इयान टिरेल यांनी २०१० मध्ये ‘रिफॉर्मिंग द वर्ल्ड’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की मिशनरी, मद्यनिषेधवादी व सुधारक यांच्या जागतिक जाळ्याने अमेरिकी राज्यास आपण जगाचे नैतिक पालक आहोत ही जाणीव दिली. रॉबर्टसारखी माणसे त्या जाळ्याच्या गाठी होत, आणि ती गाठ पंचगंगेच्या काठी बसलेली होती.

या जाळ्याला साम्राज्यवाद म्हणावे काय, हा पुढला वाद. आर्थर श्लेसिंजर (धाकटे) यांनी १९७४ मध्ये अर्थ व राजकारण यांहून भिन्न अशा सांस्कृतिक आक्रमणाची संकल्पना मिशनांना लावली. विल्यम हचिसन यांनी १९८७ मध्ये बोर्डाच्या आतल्या मतभेदांचा इतिहास लिहून त्या निष्कर्षात फरक केला. त्यातील मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे १८३२ ते १८६६ पर्यंत चिटणीस असलेले रूफस अँडरसन. मिशनरीने संस्कृती शिकवू नये, सुवार्ता सांगावी. देशी मंडळ्या स्वतःच्या पाळकांच्या हाती, स्वतःच्या खर्चाने चालाव्यात आणि मिशनऱ्याने पुढे निघून जावे, असे त्यांचे मत. १८५४-५५ मध्ये ते स्वतः या भागात आले. इंग्रजी शाळा बंद करून मराठीतून काम चालवावे आणि खेड्याखेड्यांत देशी पाळक नेमावेत, हा त्या भेटीचा परिणाम. नगरचे हरि रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे पाळक त्याच सुमारास दीक्षित झाले. साम्राज्याचा हस्तक आपण होऊन निघून जाण्याची योजना कशाला आखील, असा हचिसन यांचा प्रश्न.

परंतु नगरच्याच लोकांनी या धोरणाची दुसरी बाजू पाहिली. इंग्रजी हीच नोकरीची व प्रतिष्ठेची भाषा होत असताना ती काढून घेणे म्हणजे देशी ख्रिस्त्यांस खालच्या पायरीवर ठेवणे, अशी तक्रार होती. आणि पाळक देशी झाले तरी पैशाची थैली व अंतिम निर्णय मिशनच्या सभेकडेच राहिले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांनी मिशनच्या चौकटीत कित्येक वर्षे काढली, ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली आणि आयुष्याच्या अखेरीस १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून तिच्याबाहेर पाऊल टाकले. ख्रिस्त हवा पण परदेशी धनीपण नको, ही त्यांची भूमिका या वादातील एक स्वतंत्र मत म्हणून नोंदवावयास हवी. अमेरिकी ग्रंथांत तिला मिळते त्याहून अधिक स्थान तिला मिळाले पाहिजे असे मला आग्रहाने वाटते. एमिली कॉनरॉय-क्रुट्झ यांनी २०१५ मध्ये ‘ख्रिश्चन इंपीरियलिझम’ मध्ये मधला मार्ग काढला आहे : आरंभीच्या मिशनऱ्यांना अपेक्षित असलेले साम्राज्य ख्रिस्ताचे होते, पण ते कोणत्यातरी ऐहिक साम्राज्याच्या वाटेनेच जाईल हे त्यांनी गृहीत धरले होते. मुंबईतील १८१३ च्या अर्जांचा अर्थ या दृष्टीने नीट लागतो.

एक बोर्ड, दोन परिणाम

मग हवाईत जे झाले ते नगरात का झाले नाही? हवाईत १८४८ च्या जमीनवाटपानंतर, १८५० पासून, परदेशीयांस जमिनीची मालकी घेता येऊ लागली. रोगराईने मूळ रहिवाशांची संख्या घसरत होती. १८६३ मध्ये बोर्डाने आपले काम संपले असे समजून हवाईचा कारभार आवरता घेतला. मिशनऱ्यांची मुले मात्र तेथेच राहिली, उसाच्या मळ्यांत, वकिलीत व दरबारात शिरली. १८७५ च्या व्यापारी कराराने त्यांच्या साखरेस अमेरिकेत जकातमाफी मिळाली, १८९० च्या जकात कायद्याने तिचा लाभ नाहीसा केला, आणि जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करणाऱ्यांत मिशनरीचा नातू लॉरिन थर्स्टन आणि मिशनरीचा मुलगा सॅनफर्ड डोल हे पुढे होते.

नगर जिल्ह्यात रयतवारी होती. जमीन कुणब्याच्या नावे, सारा सरकारात. मिशनच्या हाती बंगल्याचे आवार, शाळा आणि नेवासे तालुक्यातील वडाळ्यासारखी ठाणी, एवढीच भूमी. मिशनऱ्यांची मुले शिक्षणासाठी अमेरिकेस जात आणि परतली तर मिशनरी म्हणूनच परतत. मुंबईत १८४७ मध्ये जन्मलेले रॉबर्ट ह्यूम येल व अँडोव्हर येथे शिकून १८७४ मध्ये नगरास आले आणि त्यांनी येथे १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची पाठशाळा काढली. फेअरबँक व बिसेल या मिशनरी घराण्यांचे असेच. वरती ब्रिटिश सरकार बसलेले, त्यामुळे राजकीय सत्तेची पोकळी नव्हती. या तुलनेवरून मला असे वाटते की माणसे सागर का ओलांडतात आणि राज्य मुलूख का घेते, हे दोन प्रश्न वादात वारंवार एक केले जातात. धर्मप्रेरणा पहिल्याचे उत्तर उत्तम देते, पण दुसऱ्याचे उत्तर जमिनीच्या कायद्यात, जकातीत, आरमारी ठाण्यांत आणि स्थानिक सत्ता किती दुबळी होती यात शोधावे लागते. विल्यम्स व लाफेबर यांचे बळ दुसऱ्या प्रश्नात आहे, टिरेल यांचे पहिल्यात.

दुष्काळाचे धान्य

दोन्ही प्रश्न एकमेकांस जेथे भिडतात ते ठिकाण म्हणजे परोपकार. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाचे चालक लुई क्लॉप्श यांनी क्यूबातील उपाशी लोकांसाठी निधी जमविला. मॅकिन्ले यांनी नेमलेल्या क्यूबा साहाय्य समितीत ते होते. अस्थिपंजर माणसांची छायाचित्रे घरोघर पोहोचली आणि स्पेनविरुद्धच्या संतापात त्यांची भर पडली. दोन वर्षांनी त्याच साप्ताहिकाने तशाच छायाचित्रांनी १८९९-१९०० च्या दुष्काळासाठी, ज्यास आपण छपन्नचा दुष्काळ म्हणतो, आवाहन केले. मक्याने भरलेले ‘क्विटो’ जहाज १९०० मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस आले. त्याचे भाडे अमेरिकी सरकारने सोसले. निधीच्या वाटपात रॉबर्ट ह्यूम अग्रभागी होते आणि या कार्यासाठी ब्रिटिश सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले.

वाचक तेच, कळवळा तोच, साप्ताहिकही तेच. क्यूबाच्या बाबतीत त्यातून युद्ध निघाले आणि नगरच्या बाबतीत मक्याची पोती. हेदर कर्टिस यांनी २०१८ मध्ये ‘होली ह्युमॅनिटेरियन्स’ या ग्रंथात या साप्ताहिकाचा इतिहास सांगताना दया व राष्ट्राभिमान यांची गुंफण दाखविली आहे. दुष्काळाच्या कारणांविषयी, म्हणजे सारावसुली, निर्यात व सरकारी कृपणता यांविषयी, स्पेनवर झोड उठविणाऱ्या अमेरिकी धर्मवाचकाने इंग्लंडला तसा जाब विचारला नाही. त्या वर्षांत वॉशिंग्टन व लंडन एकमेकांच्या जवळ येत होते हे यामागचे एक कारण असणार. मिशनऱ्यांच्या मनातही इंग्रजी अमलाविषयी खरा आदर होता. दाण्यापाण्यासाठी बाप्तिस्मा घेतला की श्रद्धेने, हा येथील जुना वाद याच धान्याशी जोडलेला आहे, आणि १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे मिशनच्या कागदपत्रांतही मान्य आहे. पण भुकेने सर्व स्पष्ट होत असते तर पाऊस आल्यावर ही माणसे परतली असती. बहुसंख्य परतली नाहीत.

ज्यांच्या दारी ते आले

पेरेझ यांचा आक्षेप येथे लागू होतो. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भरणा महार व मांग कुटुंबांचा होता. गोदावरीच्या खोऱ्यातील नेवासे, शेवगाव, राहुरी या तालुक्यांतील खेड्यांतून ते आले. वेशीबाहेरचा वाडा, बलुते, वेठ आणि पाटील-कुलकर्ण्यांची हुकमत यांच्या पार्श्वभूमीवर शाळा व चर्च यांना त्यांनी काय अर्थ दिला, हे बोस्टनच्या हेतूंवरून कळणार नाही. रोझलिंड ओ’हॅनलन यांनी १९८५ मध्ये फुले यांच्यावरील ग्रंथात दाखविले की मिशनऱ्यांचे ब्राह्मण्यविरोधी युक्तिवाद मराठी सुधारकांनी उचलले आणि स्वतःच्या कामासाठी वापरले. ‘गुलामगिरी’ हा १८७३ चा ग्रंथ फुले यांनी हबशी लोकांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, धर्मांतर मात्र केले नाही. नगरच्या कीर्तनकारांनी तर १८६० च्या दशकात कीर्तनाचेच ख्रिस्ती रूप घडविले आणि कृष्णराव सांगळे यांच्या पदांनी मिशनची उपासना मराठी केली. गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा जो इतिहास लिहिला आहे, त्यातून येथील मंडळीने किती गोष्टी स्वतः घडविल्या याची कल्पना येते. अमेरिकी इतिहासकारांस हे वाङ्मय बहुधा अपरिचित आहे, आणि अमेरिकी वादात ‘प्रभाव’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो याचे तेही एक कारण आहे.

अनिर्णित राहिलेले

विस्तार अकस्मात होता की सातत्याचा, हा वाद आता बराच शमला आहे. सातत्याच्या बाजूस पारडे झुकले आहे. १८९८-९९ मध्ये मुलूख घ्यावाच असे कोणत्या क्षणी ठरले, हे मात्र ठरलेले नाही. मॅकिन्ले यांनी रात्री प्रार्थना करून फिलिपाईन्सचा निर्णय घेतल्याची प्रसिद्ध कथा त्यांच्या मृत्यूनंतर, १९०३ मध्ये, छापली गेली आणि तिच्या शब्दशः खरेपणाविषयी संशय आहे. सिनेटने तहनामा ५७ विरुद्ध २७ मतांनी संमत केला. दोनतृतीयांशाची अट जेमतेम पुरी झाली. एवढ्या थोडक्या मताधिक्याने जे घडले त्यास खोल कारणे द्यावीत की त्या आठवड्यांतील व्यक्ती व डावपेच यांना महत्त्व द्यावे, यावर एकमत होण्याची चिन्हे नाहीत.

नगरच्या बाजूने राहिलेला प्रश्न लहान पण कसोटीचा आहे. १८७० च्या दशकात या जिल्ह्यात अमेरिकनांखेरीज इंग्रज अँग्लिकन मिशन आणि जेझुइट पाद्री हेही काम करू लागले. एकाच तालुक्यात एका गावचा महारवाडा अमेरिकन मिशनकडे गेला, शेजारचा दुसरीकडे. काही कुटुंबे एकीकडून दुसरीकडे गेली. येणारा अमेरिकन आहे याला गावकऱ्यांच्या लेखी काही वजन होते काय, की शाळा, वकिली, औषध आणि संकटात धावून येणारा पाळक एवढेच पाहिले जात होते? बोर्डाचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हूटन ग्रंथालयात आहे आणि तो संशोधकांनी पुष्कळ चाळला आहे. त्याच्या जोडीला ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, महार वतनाची महसुली दफ्तरे आणि इतर दोन मिशनांचे कागद नेवासे-राहुरीकडील चार-दोन गावांपुरते तरी एकत्र लावून वाचण्याचे काम शिल्लक आहे, आणि त्यासाठी इंग्रजीइतकीच मोडी व मराठी वाचणारा अभ्यासक हवा आहे.